वरच्या शेतातल्या शेंगा

अष्टमी, रोहा
११ जानेवारी २०२५

प्रिय प्रणिता,

तुला, आदर्शरावांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. पाकिटात हलव्याचे चार दाणे घातले आहेत. पोस्टात त्यांचं पीठ झालं तर पीठ खा आणि गोड बोल.

पत्र बघून तू हसली असशील. एम.एस्सी.ला असताना माझं जर्नल तपासताना सर चष्मा काढून डोळे पुसायचे, ते अक्षर आता तुझ्या नशिबी आलं आहे. फोन असताना पत्र कशाला, असंही म्हणशील. हल्ली फोनवर काय बोलावं आणि काय नाही, हे मला कळेनासं झालं आहे. कारण पुढे येईलच. पत्र मुद्दाम तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकते आहे, कॉलेजच्या नाही. वाचून झालं की तुझ्याजवळच ठेव.

आमच्याकडे तसं सगळं बरं आहे. आई गावीच असते, रविवारी मी जाऊन येते. यंदा वालाला शेंग चांगली धरली आहे. आई वरच्या शेतातल्या शेंगा तोडून रोह्याच्या बाजारात बसते. खालचं, नाल्याकाठचं शेत तिने तसंच उभं ठेवलं आहे आणि शेजारणी विचारतात, गो हौसा, खालच्या शेंगा काय पाखरांना ठेवल्यास काय. आई काहीतरी सांगून वेळ मारून नेते. हर्षदला कंपनीने अचानक तिसरी शिफ्ट लावली आहे. अकरा वर्षांत कधी सलग लावली नव्हती, आता म्हणतात माणसं कमी आहेत. हा योगायोग आहे असं हर्षद म्हणतो. मी त्याच्या तोंडाकडे बघते आणि भाजी वाढते.

आता मुद्द्याचं. नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला प्राचार्यांकडे गेले तर त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. मग आपलाच अभ्यास त्यांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला. रोह्याच्या आणि पेणच्या कॉलेजातल्या दोन बायकांनी मागच्या हिवाळ्यात कारखान्यांचं सांडपाणी येतं त्या नाल्याकाठच्या शेतांतून वालाच्या शेंगा जमवल्या, मुंबईला तपासायला दिल्या, त्यात मर्यादेच्या तिप्पट शिसं निघालं, आणि आता कारखान्यांच्या विस्ताराची जनसुनावणी बारा फेब्रुवारीला आहे तर तिथे हे आकडे वाचून दाखवायचा या बायकांचा विचार आहे. सगळं बरोबर सांगितलं, एक आकडाही चुकला नाही. माझ्या विद्यार्थ्यांना इतकं पाठ झालं तर मी पेढे वाटेन.

मग त्यांनी एक परिपत्रक पुढे सरकवलं. स्थानिक उद्योगांशी संबंध येईल असा कुठलाही अभ्यास बाहेर मांडण्याआधी संस्थेची लेखी परवानगी हवी. तारीख या जानेवारीची. मी म्हटलं, सर, आम्ही काम मागच्या वर्षी केलं, नियम या वर्षीचा आहे. ते म्हणाले, नियम मागूनही लागू होतो. भाऊंना वाईट वाटलं आहे म्हणे. भाऊ आपल्या दोन्ही कॉलेजांच्या संस्थेचे कार्याध्यक्ष, त्यांना वाईट वाटलं म्हणजे काय होतं ते तुला सांगायला नको. शेवटी प्राचार्य म्हणाले, आपण सगळे संस्थेचं मीठ खातो, मॅडम. मी मान हलवली. खरं तर गेली दहा वर्षं मी तुझ्या सासरच्या आगरातलं मीठ खाते आहे, पण हे त्यांना सांगण्याची ती वेळ नव्हती.

इथपर्यंतही ठीक होतं. पाण्यात राहून माशाशी वैर धरलं की मासा शेपटी मारणारच. पण मी उठून दारापर्यंत गेले तेव्हा ते मागून म्हणाले, "खालच्या शेतातल्या शेंगा तुम्ही घरी खात नाही म्हणे."

प्रणिता, हे वाक्य माझं आहे. डिसेंबरमध्ये अहवाल हातात पडला त्या दिवशी मी ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. 'खालच्या शेतातल्या शेंगा आम्ही आता घरी खात नाही.' शब्दाला शब्द. ते मी एकाच माणसाला पाठवलं होतं.

मी कुणावर संशय घेत नाहीये, हे लक्षात घे. मी फक्त विचारते आहे. तुझा फोन घरात कुठे असतो? स्टाफरूममध्ये चार्जिंगला लावून तू तासाला जातेस का? तुमच्या उपप्राचार्यांशी तुझं अलीकडे काही बोलणं झालं का? तुझी नेमणूक तासिका तत्त्वावरची, दर जूनला नव्याने हात जोडायचे, त्यामुळे कुणी काही विचारलं तर नाही म्हणणं किती अवघड असतं, ते मला कळतं. माझी कायम नोकरी आहे म्हणून मला शौर्य सुचतं, असंही तुला वाटत असेल. आदर्शरावांचं धरमतरला कसं चाललं आहे? त्यांना बार्जवर माल चढवायचं नवं काम मिळालं, असं मागे म्हणालीस. ते कुणाच्या ओळखीने मिळालं, ते विचारायचं राहून गेलं होतं.

उत्तर पत्रानेच दे. सुनावणीला आपण दोघी जायचं ठरलं होतं. ते अजून ठरलेलंच आहे ना, एवढं एकदा लिही.

तब्येतीला जप.

तुझी,
मृणाली


अष्टमी, रोहा
२८ जानेवारी २०२५

प्रिय प्रणिता,

तुझं उत्तर आलं नाही. एस.टी.ने मिठाची पिशवी मात्र आली. दरवर्षी पोपटीच्या, मडक्यात शेंगा भाजण्याच्या दिवसांत येते तशीच, तशीच सुतळीने बांधलेली, आणि आत चिठ्ठी नाही. मी पिशवी उलटी करून बघितली, हर्षद म्हणाला काय शोधतेस. मिठात कोण काय शोधणार? पण मी शोधत होते, हे खरं आहे. तू रागावून गप्प आहेस, घाबरून गप्प आहेस, की आणखी कशाने, याचा मी पंधरा दिवस कीस काढत होते. प्रयोगशाळेत पोरं माझ्याशी बोलत होती आणि मी त्यांच्या हातातल्या फोनकडे बघत होते. संशयाचं असं असतं, एकदा घरात घेतला की तो पाट मांडून बसतो.

आता मला ते वाक्य कुठून गेलं ते कळलं आहे. म्हणून हे पत्र. पण क्रमाने सांगते, नाहीतर तुला पटणार नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदनाला भाऊ आले होते. भाषण झाल्यावर चहाच्या टेबलाजवळ मला म्हणाले, "संध्याकाळी तुमच्या गावाला पोपटी लावतोय. तुमच्या आईला निरोप गेलाय. तुम्ही पण या, मॅडम. आपली माणसं आपल्या शेतात बसली की निम्मी भांडणं मिटतात." बोलावणं आपुलकीचं होतं आणि ते आपुलकीचं आहे हे ऐकायला भोवती बारा माणसं उभी होती. नाही कसं म्हणणार? हर्षदला त्या दिवशी पहिल्यांदाच शिफ्टमधून सुट्टी मिळाली होती, तो म्हणाला जाऊन येऊ, खाऊन कोण मरतं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो चप्पल शोधायला लागला.

पोपटी लागली ती आमच्याच खालच्या शेतात. आईने उभ्या ठेवलेल्या शेंगा भाऊंच्या माणसांनी दुपारीच तोडून ठेवल्या होत्या. गावातले सगळे होते, बायका कडेला बसल्या होत्या, कारण भाऊंच्या आईही आल्या होत्या. चंद्रावती आजी, ऐंशी पार केलेल्या, खुर्ची टाकून बसवलेल्या. त्या मूळच्या आमच्या गावच्या. त्यांच्या माहेरी आता कुणी उरलं नाही, म्हणून दरवर्षी वालाच्या पहिल्या शेंगांचा वानोळा त्यांना आमच्या घरून जातो. माझ्या आजीच्या वेळेपासून जातो. भाऊ आमदारकीला पडले त्या वर्षीही गेला होता आणि आम्ही त्यांना मत दिलं नव्हतं त्या वर्षीही.

मडक्याला भांबुर्ड्याचा पाला लावला, शेंगा भरल्या, ओवा आणि मीठ घातलं. मीठ तुझंच होतं, आईने घरून आणलेलं. मडकं उपडं घालून पेंढा पेटवला. मी धुराच्या उलट बाजूला बसले आणि मोजत होते, कोण माझ्याकडे बघतं आणि कोण बघायचं टाळतं. टाळणारे जास्त होते. भाऊंचा ड्रायव्हर फोन घेऊन फिरत होता. जाळाचा फोटो काढतोय, असं तो म्हणाला.

मग माझ्या लक्षात आलं की जाळाच्या कडेला आणखी एक मडकं आहे. लहान, ताकाच्या गाडग्याएवढं. मला वाटलं त्यात कोंबडी असेल.

मडकं उघडलं, शेंगा केळीच्या पानांवर ओतल्या. वास असा सुटला की आपल्या अहवालातले सगळे तक्ते एका बाजूला आणि तो वास एका बाजूला. भाऊंनी स्वतः दोन शेंगा सोलून खाल्ल्या, आवडीने खाल्ल्या. मग एक शेंग सोलून दाणे तळहातावर घेतले आणि हात माझ्यापुढे केला. म्हणाले, "घ्या मॅडम. तुमच्याच शेतातल्या हायेत."

कुणीतरी आजींच्या पुढेही पान ठेवलं. आणि आजी म्हणाल्या, "ह्यातलं मला नको. माझं मडकं येगळं हाय. हौसानं सांगून धाडलंय, खालच्या शेतातलं खाव नको म्हणून. माझ्या लेकानंच येगळं लावाया सांगितलंय."

कुणाला काही दुखवायचं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. पान परत न्यायला सांगताना माणूस कारण सांगतं, तसं त्यांनी सांगितलं.

मी आईकडे बघितलं. आई पदराने तोंड पुसत होती. घरी आल्यावर तिला विचारलं, तर तिने सरळ सांगितलं. जानेवारीच्या सुरुवातीला वानोळा पाठवताना तिने वरच्या शेतातल्या शेंगा निवडून भरल्या आणि नेणाऱ्याजवळ निरोप दिला, की ह्या वरच्या शेतातल्या आहेत, बिनघोर खा, आमची मृणाली बोलली आहे की खालच्या शेतातल्या आम्ही घरी खात नाय. म्हणजे मी तुला जे लिहिलं तेच आईला सांगितलं होतं, त्याच शब्दांत, आणि ते तिने तसंच पुढे पाठवलं. मी चिडले. ती म्हणाली, "म्हातारं माणूस हाय गो. तिच्या पोटात जाव देऊ काय? तू तरी दिलं असतंस काय?"

बाईने कुणाचं गुपित फोडलं नव्हतं, एका म्हातारीला जपलं होतं. आणि ज्यांना हे आकडे खोटे वाटतात असं मला सांगितलं गेलं, त्यांनी आईच्या एका निरोपावर स्वतःच्या आईचं मडकं वेगळं लावलं. भाऊंचा आपल्या अभ्यासावर विश्वास आहे, प्रणिता. आपल्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त आहे. मला याची भीती वाटायला लागली आहे. न पटणाऱ्या माणसाला आकडे दाखवता येतात, पण पटूनही असं वागणाऱ्याला काय दाखवायचं?

तुझ्यावर मी संशय घेतला. मागच्या पत्रात नाही नाही म्हणत घेतला. आदर्शरावांना मध्ये ओढलं, ते तर अगदीच हलकं झालं. तू ते पत्र त्यांना दाखवलं नसशील अशी आशा आहे. दाखवलं असशील तर त्यांचं तोंड कसं झालं असेल ते डोळ्यांपुढे येतं. माझी मलाच लाज वाटते.

सुनावणी बाराला आहे. आता तरी दोन ओळी लिही.

तुझी,
मृणाली


अष्टमी, रोहा
५ फेब्रुवारी २०२५

प्रणिता,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन देताना म्हणाला, मॅडम, तुमचा कसला व्हिडिओ आलाय? तू बंद पाकीट न वापरता पोस्टकार्ड वापरलंस आणि त्यावर 'व्हिडिओ पाहिला' एवढंच लिहून खाली सही केलीस, ते मला पुरेसं लागलं. लागावं म्हणूनच लिहिलं असशील.

तेव्हा मागच्या पत्रात जे मी लिहिलं नाही ते आता लिहिते. भाऊंनी हात पुढे केला, इथपर्यंत मी तुला सांगितलं आणि मग आजींच्या मडक्याकडे वळले. तू हुशार आहेस, तुला तेव्हाच खटकलं असेल.

मी खाल्ल्या.

आजी बोलल्या तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलं होतं. भाऊ हसले, म्हणाले म्हातारीचे दात नाजूक आहेत. पण हात मागे घेतला नाही. मी म्हटलं, भाऊ, मला नको. तेव्हा ते वाकले आणि अगदी हळू आवाजात, घरातल्या मोठ्या माणसासारखं बोलले. "मागल्या साली तुझ्या आईनं ह्याच शेतातल्या शेंगा रोह्याच्या बाजारात विकल्या. ह्या समद्या बाया आजपण विकतात. मग त्या विष विकतात असं बोल इथंच, त्यांच्या तोंडावर. नायतर खा."

तू तिथे असायला हवी होतीस. आपण अहवाल लिहिताना बायकांचा विचार केला होता, आठवतं? नुकसानभरपाईचा एक परिच्छेद घातला होता, तूच घातला होतास. पण तो परिच्छेद तिथे शेतात माझ्याजवळ नव्हता. तिथे मैनाकाकी होती, जिचा अख्खा हिवाळा या शेंगांवर निघतो. आई होती, मान खाली घालून पानाच्या शिरा बोटाने उकलत बसलेली. तिला वाटत होतं की हे सगळं तिच्या निरोपामुळे झालं. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मी एक शब्द बोलले असते तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांच्या पाट्यांना कुणी हात लावला नसता. ते भाऊंना माहीत होतं. भाऊंनी पोपटी त्याच्यासाठीच तिथे लावली होती.

मी दाणे घेतले आणि खाल्ले. चव छान होती, हेही लिहून टाकते. ड्रायव्हरने शूट केलं. व्हिडिओत आजी नाहीत, लहान मडकं नाही, भाऊ वाकून काय बोलले ते नाही. मी खाते आहे आणि मागे जाळ आहे, एवढंच आहे. खाली 'मॅडम स्वतःच खातात' असं लिहिलं आहे, ते तू वाचलंसच. माझ्या वर्गातल्या पोरांनीही वाचलं. दुसऱ्या दिवशी तासाला एका पोरीने विचारलं, मॅडम, मग तुमचा अभ्यास चुकला का? मी फळ्याकडे वळले आणि समीकरण लिहायला लागले. मी वर्गाला पाठ दाखवली, आणि त्या शेंगांपेक्षा मला ती गोष्ट जास्त जड जाते आहे.

आता दुसरं. हे सांगायला मला व्हिडिओपेक्षा वेळ लागला.

जानेवारीत प्राचार्यांनी परिपत्रकाबरोबर आणखी एक कागद पुढे ठेवला होता. पहिल्या पत्रात मी त्याचा उल्लेख केला नाही, कारण मी तो घरी आणला होता. त्यात असं होतं की शेंगांचे नमुने पेण येथील सहसंशोधिकेने गोळा केले, त्या वेळी मी हजर नव्हते, नमुने नीट धुतले गेले नसण्याची आणि त्यांत सरमिसळ झाली असण्याची शक्यता आहे, म्हणून मी निष्कर्ष मागे घेत आहे. खाली माझ्या सहीसाठी जागा. प्राचार्य म्हणाले, तुमच्यावर काहीच येत नाही, मॅडम, तुम्ही स्वच्छ सुटता. तुझं नावही त्यात नव्हतं, नुसतं 'सहसंशोधिका'.

तू नमुने कसे घेतलेस ते मला माहीत आहे. तू एकेक शेंग तीन वेळा धुवत होतीस आणि मी बांधावर बसून तुला चिडवत होते, की मुंजीच्या मुलाला पण कुणी इतकं घासत नाही. मी हजर होते. तरीही, ते वाक्य तुझ्याकडूनच फुटलं असं मला वाटत होतं तेव्हा मी तो कागद टेबलावर पसरला आणि पेनाचं टोपण काढलं. मनात म्हटलं, तिने आधी विकलं, मग मी का मरू? हर्षद जेवायला बोलवत होता म्हणून उठले. जेवून आले तेव्हा राग जरा उतरला होता आणि सही राहिली. मोठं मन दाखवून राहिली असं मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ती भाजी-भाकरीमुळे राहिली.

तो कागद मी काल प्राचार्यांना कोराच परत दिला. त्यांनी घेतला, घडी घातली आणि म्हणाले, "विचार करा. पेणला तुमच्या मैत्रिणीने पुष्कळ विचार केलाय."

हे वाक्य त्यांनी मुद्दाम टाकलं, हे मला कळतं. एक महिन्यापूर्वी मी याच्यावर रात्रभर जळले असते. पण मी कालपासून दुसराच विचार करते आहे. माझ्यासमोर जो कागद ठेवला तसाच एक तुझ्यासमोरही ठेवला असणार. नमुने रोह्याच्या सहसंशोधिकेने पाठवले, शेत तिच्याच आईचं, आकडे तिनेच काढून आणले, मला काही माहीत नव्हतं. तुझ्यावरही काही येत नसेल, तूही स्वच्छ सुटत असशील. आणि माझं ते पहिलं पत्र तुला त्याच आठवड्यात मिळालं असेल, आदर्शरावांच्या कामाची चौकशी करणारं. मग दोन आठवड्यांत व्हिडिओ. तुझ्या जागी मी असते तर मीच सही केली असती.

म्हणून मी तुला विचारणार नाही की केलीस का. खरंच विचारणार नाही. तो कागद मला दाखवू नकोस, त्याच्याबद्दल लिहूही नकोस. आपल्याला एकमेकींचे कागद तपासत बसवायचं, एवढंच त्यांना हवं आहे. शिशाचे आकडे खोडायला त्यांना दुसरी प्रयोगशाळा लागली असती. आपल्या दोघींना खोडायला माझं एक पत्र पुरलं.

बाराला मी जाणार आहे. हर्षदशी बोलले. तो म्हणाला, तिसरी शिफ्ट तर लावलीच आहे, चौथी अजून निघाली नाही. मग म्हणाला, निघाली तर बघू. आईलाही सांगितलं. तिने विचारलं, बायांचं काय? मी म्हटलं, आधी बायांचंच बोलणार आहे, भरपाईचं, मग आकड्यांचं. मैनाकाकीने ऐकून घेतलं. ती माझ्या बाजूने आहे असं मी समजत नाही. पण सुनावणीला येते म्हणाली.

व्हिडिओबद्दल कुणी ना कुणी विचारेलच. मी सांगणार आहे की होय, मी खाल्ल्या, चवीला चांगल्या होत्या, आणि मी खाल्ल्याने त्यातलं शिसं कमी झालं नाही. आजींच्या मडक्याबद्दल मी बोलणार नाही. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही, आणि पुढच्या वर्षी वानोळा जायचा आहे. वरच्या शेतातलाच जाईल.

एक गोष्ट उरली. अहवालाच्या पहिल्या पानावर दोन नावं आहेत आणि ती मला वाचावी लागतील. तुझं नाव मी मोठ्याने घेतलं तर जूनमध्ये तुझी नेमणूक होणार नाही. गाळलं तर मी त्यांच्या कागदावर सही केल्यासारखंच आहे. यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी हे ठरवलं आहे. मी माझं नाव वाचेन आणि थांबेन. पुढ्यात पाण्याचा पेला असेल, तो उचलून एक घोट घेईन. तू सभागृहात असशील आणि तुला वाटलं, तर तेवढ्यात उभी राहा आणि तुझं नाव तूच सांग. नसलीस, किंवा असूनही बसून राहिलीस, तर मी पेला खाली ठेवून पुढचं वाचायला लागेन. घसा कोरडा पडला होता, असंच सगळ्यांना वाटेल. मी कुणासाठी थांबले होते ते तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाही कळणार नाही, आणि मी तो विषय कधी काढणार नाही.

मिठाबद्दल आभार मानायचे राहिले होते. त्या दिवशी मडक्यात जे काही होतं, त्यातल्या मिठावर तेवढा मला भरवसा होता.

सासूबाईंना नमस्कार. आदर्शरावांची माफी मी समोरच मागेन.

घोट सावकाश घेणारी,
तुझी मृणाली